शेतात पाइप टाकला, पण पाणी निघतं का? भूमिगत निचऱ्याचा पूर्ण हिशेब

कृष्णा, पंचगंगा आणि दूधगंगेच्या काठची काळी जमीन एकेकाळी सोन्याच्या भावाची होती. आज शिरोळ, मिरज, वाळव्यापासून कागवाड, अथणी, रायबाग, चिकोडीपर्यंत यातले कित्येक तुकडे क्षारपड झाले आहेत. वर पांढरा थर, खाली पाणी, आणि उसाचा फड मधेच उघडा पडलेला, हे चित्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसते. त्यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत भूमिगत सच्छिद्र पाइपची निचरा प्रणाली या पट्ट्यात रुजली. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने, तर कर्नाटकच्या बाजूला उगार बुद्रुकसारख्या गावात मोठ्या क्षेत्रावर अशी कामे झाली.

पण एक प्रश्न गावोगाव ऐकू येतो. शेजाऱ्याच्या रानात पाइप टाकल्यावर दोन हंगामांत ऊस उभा राहिला, आमच्यात तेवढाच खर्च करून पाणी हलत नाही, असं का? पाइप बारीक पडला, असे बहुतेकांचे उत्तर असते. प्रत्यक्षात शेतातला पाइप बारीक असल्याने काम फसल्याची उदाहरणे कमीच. काम फसते ते पाणी पाइपात शिरताना, ढाळात, किंवा शेवटच्या तोंडाशी. हे समजून घेतले नाही, तर सोसायटीचे कर्ज डोक्यावर आणि मीठ जमिनीत, अशी अवस्था होते.

पाइप नेमकं काय करतो?

या प्रणालीत दोन प्रकारचे पाइप असतात. शेतात ठरावीक अंतरावर समांतर टाकलेले छिद्रांचे पाइप म्हणजे लॅटरल. त्यांचे पाणी गोळा करून ओढ्यापर्यंत नेणारा मोठा पाइप म्हणजे कलेक्टर. दोन्ही जिथे मिळतात तिथे तपासणीसाठी आणि गाळ साठण्यासाठी मॅनहोल असतो.

पावसाचे किंवा पाटाचे पाणी वरून झिरपून थेट पाइपात पडते, असा अनेकांचा समज आहे. तसे होत नाही. जमिनीतली पाणीपातळी पाइपच्या वर चढली की दाबाने पाणी पाइपकडे सरकते आणि बाजूने व खालूनही आत शिरते. पातळी पाइपच्या खाली असेल तर पाइप कोरडाच राहतो. म्हणजे हा पाइप ओली माती पिळून काढत नाही, तो फक्त साचलेली पातळी खाली आणतो. वाफसा त्यानंतर येतो, आणि पुढच्या पावसाने किंवा चांगल्या पाण्याने मीठ धुऊन निघते.

दोन पाइपच्या मधोमध पाणी सर्वांत उंच आणि पाइपजवळ सर्वांत खाली, अशी कमान जमिनीच्या पोटात तयार होते. ही कमान किती उंच राहील, पाइप किती अंतरावर हवेत, याचे सूत्र हूगाउट या डच शास्त्रज्ञाने १९४० मध्ये मांडले. आजही अंतर ठरवताना मुख्यतः तेच वापरतात. माती जितकी घट्ट तितके पाइप जवळ, हे त्यातले सार. हरियाणातल्या हलक्या जमिनीत जे अंतर चालते ते आपल्या काळ्या चिकण जमिनीत चालत नाही. इथे पाइप बरेच जवळ घ्यावे लागतात.

नऊशे मीटर नव्हे, नऊशे रुपयेही नव्हे: मोजायचं ते पाणी

जमिनीतून दिवसाला किती पाणी काढायचे, याला निचरा गुणांक म्हणतात. पाटपाण्याच्या कोरड्या प्रदेशात तो साधारण १ ते ३ मि.मी. धरतात. समजा २ मि.मी. धरला. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर २ मि.मी. म्हणजे दिवसाला जवळपास ८,१०० लिटर पाणी.

आता पाइप किती वाहून नेतो ते पाहू. आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेले सूत्र यासाठी वापरतात. त्यात तीनच गोष्टी लागतात: आतला व्यास, ढाळ आणि आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. कड्या-कड्यांच्या म्हणजे कॉरुगेटेड प्लास्टिक पाइपसाठी खडबडीतपणाचा आकडा ०.०१५ च्या आसपास धरतात. गुळगुळीत पाइपसाठी तो ०.०१० च्या जवळ असतो. म्हणजे त्याच व्यासाचा, त्याच ढाळाचा कडीवाला पाइप गुळगुळीत पाइपपेक्षा सुमारे एक तृतीयांश पाणी कमी नेतो. तरीही कडीवालाच वापरतात, कारण कमी प्लास्टिकमध्ये मातीचा भार पेलायची ताकद त्या कड्यांमुळेच येते, आणि त्याची गुंडाळी करून नेता येते.

शंभर मीटरला १० सें.मी. ढाळ धरला, तर पूर्ण भरून वाहणाऱ्या कडीवाल्या पाइपचा हिशेब असा येतो:

- आतला व्यास ८० मि.मी.: सेकंदाला ०.७८ लिटर, म्हणजे सुमारे ८ एकरांचे पाणी
- १०० मि.मी.: १.४२ लिटर, सुमारे १५ एकर
- १६० मि.मी.: ४.९६ लिटर, सुमारे ५३ एकर
- २०० मि.मी.: ९ लिटर, सुमारे ९६ एकर

हे आकडे कागदावरचे. पुढे तळाला थोडा गाळ बसणार, ढाळ थोडा इकडेतिकडे होणार, म्हणून चौथा हिस्सा बाजूला ठेवून डिझाइन करणे शहाणपणाचे. मग ८० मि.मी.चा पाइप सहा एकरांना, १०० चा अकरा एकरांना, १६० चा चाळीस एकरांना आणि २०० चा बहात्तर एकरांना पुरतो.

आता शेतातला लॅटरल घ्या. लांबी ३०० मीटर आणि दोन पाइपमधले अंतर ३० मीटर धरले, तर एका पाइपच्या वाट्याला येतात जेमतेम सव्वादोन एकर. त्याचे पाणी सेकंदाला ०.२१ लिटर, म्हणजे पाइपच्या ताकदीच्या जवळपास पाव हिस्सा. शिवाय हे पाणी एकदम येत नाही. वरच्या टोकाला शून्य, आणि तोंडाकडे येईल तसे वाढत जाते. त्यामुळे लॅटरलचा व्यास वाढवून फारसे काही हाती लागत नाही. ८० ऐवजी १०० घेतला म्हणून जमिनीतले पाणी जास्त वेगाने येणार नाही.

व्यासाबाबत सावध राहायचे ते वेगळ्या कारणासाठी. पाइप विकताना सांगितला जाणारा आकडा बाहेरच्या व्यासाचा असू शकतो. आतला व्यास ८० ऐवजी ७० निघाला, तर वाहून नेण्याची ताकद ३० टक्क्यांनी घटते. व्यासातला थोडा फरक पाण्यात मोठा होतो, कारण व्यास दुप्पट केला तर पाणी सहा पटींहून जास्त वाढते. ढाळाचे उलटे आहे. ढाळ दुप्पट केला तरी पाणी फक्त ४१ टक्के वाढते.

खरी अडचण दारात

मीटरभर पाइपवरच्या सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्र साधारण दहा-बारा चौरस सेंटिमीटर असते. त्याच मीटरभर पाइपचा बाहेरचा पृष्ठभाग अडीच हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाण्याला आत यायला अर्धा टक्का जागा. आजूबाजूच्या रानातले सगळे पाणी या बारीक फटींकडे येताना एकवटते, आणि दाबाचा मोठा भाग पाइपच्या अगदी जवळच्या वीतभर मातीत खर्ची पडतो. तीच माती चिखल होऊन बसली, तर लांबची जमीन कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

चोपण जमिनीत हा धोका जास्त. सोडियम वाढलेल्या मातीचे कण ओले झाले की सुटे होतात आणि बारीक छिद्रांत जाऊन बसतात. म्हणून पाइपभोवती फिल्टर गुंडाळतात. पूर्वी वाळू-खडीचा थर देत, आता बहुतेक ठिकाणी न विणलेल्या सिंथेटिक कापडाची पिशवी चढवलेला पाइपच येतो. या कापडाचे काम दुहेरी आहे: पाइपात माती जाऊ न देणे, आणि पाइपच्या सर्व अंगांनी पाण्याला छिद्रांपर्यंत सरकायला वाट देणे. कापड फार सैल असले तर माती आत येते, फार दाट असले तर तेच चिकणमातीने लिंपले जाते. त्यामुळे मातीची तपासणी न करता कापड निवडणे म्हणजे अंदाजपंचे काम. ज्या जमिनीत चिकणमाती भरपूर आहे आणि सोडियम कमी आहे तिथे फिल्टरशिवायही पाइप चालतात. पण आपल्या भागात चोपण आणि क्षारपड यांची सरमिसळ असल्याने मातीचा अहवाल हातात असल्याशिवाय तो निर्णय घेऊ नये.

गाळ आत आला तर पाणी वाहता-वाहता धुऊन जाईल, ही आशाही फोल आहे. ८० मि.मी.च्या पाइपमध्ये वर धरलेल्या ढाळाला पूर्ण भरलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १५ सें.मी. असतो. गाळ ओढून न्यायला याच्या दुपटीहून जास्त वेग लागतो. म्हणजे लॅटरल स्वतःला साफ करत नाही. गाळ आत येऊच न देणे हाच मार्ग. वरच्या टोकाला टोपण बसवणे, जोडावर फट न ठेवणे, फाटलेले कापड तसेच न गाडणे, या गोष्टी म्हणूनच किरकोळ नाहीत.

पाइप कधी टाकला, यालाही तेवढेच महत्त्व. चरात चिखल असताना, बकेटने माती लिंपत पाइप गाडला तर त्याच्याभोवती मडक्यासारखे कवच तयार होते. ऊस तुटल्यावर, उन्हाळ्यात, चराच्या कडा कोरड्या असताना काम केले तर भुसभुशीत माती पाइपवर पडते आणि तिच्यातून पाणी सहज उतरते.

ढाळ चुकला की सगळं चुकलं

शंभर मीटरला दहा सेंटिमीटर हा ढाळ डोळ्यांना दिसत नाही. जेसीबीने चर काढून नजरेने पाइप सोडला तर कुठे खड्डा, कुठे उंचवटा होणारच. उंचवट्याच्या मागे पाणी तुंबते, खड्ड्यात गाळ बसतो, आणि वरच्या भागात हवा अडकते. पाइपच्या अर्ध्या व्यासाएवढा म्हणजे चार सेंटिमीटरचा खड्डासुद्धा त्रास देतो. लेझरच्या साहाय्याने पातळी धरणाऱ्या ट्रेंचर मशीनचा आग्रह तज्ज्ञ धरतात तो यासाठी. मशीन मिळत नसेल तर किमान लेव्हल मशीनने दर दहा मीटरला तळ तपासून मगच पाइप ठेवावा आणि माती लोटण्याआधी पुन्हा पाहावा.

ऊन्हात महिनोन्महिने पडलेला पाइप ठिसूळ होतो, आणि मोठी ढेकळे वरून आदळली तर चेपतो. पाइप घेताना आयएस ९२७१ हे मानक विचारावे. कॉरुगेटेड निचरा पाइपसाठीचे भारतीय मानक तेच आहे.

एकाचे पाणी दुसऱ्याच्या रानात

कलेक्टरचे गणित मात्र वेगळे. तिथे व्यास कमी पडू शकतो, आणि पडतोही. चाळीस एकर धरून १६० मि.मी.चा पाइप टाकला. दोन वर्षांत शेजारच्यांनी ऊस पाहिला आणि आणखी वीस-पंचवीस एकर त्याच पाइपला जोडले. आता पाणी मावत नाही. मॅनहोलमध्ये पातळी चढते, आणि सर्वांत खाली ज्याचे रान आहे त्याच्या लॅटरलमध्ये उलटे पाणी घुसते. पाइप टाकण्याआधी जमीन ओली होती, आता वरच्यांच्या पाण्यानेही ओली राहते. भांडण इथून सुरू होते.

म्हणून कलेक्टर टाकतानाच पुढे किती क्षेत्र जोडले जाणार हे ठरवून व्यास घ्यावा, आणि ते सहभागी शेतकऱ्यांच्या करारात लिहून ठेवावे. कलेक्टर कोणाच्या बांधातून जातो, मॅनहोल कोणी साफ करायचे, फुटला तर खर्च कोणी द्यायचा, हेही त्यातच यावे. एकाने वाट नाकारली तर वरच्या दहा जणांची वाट बंद होते. एकट्याने आपल्या दोन एकरांत टाकलेला पाइप बहुधा फसतो तो याच कारणाने: त्याला बाहेर पडायला तोंडच नसते.

तोंडाचा प्रश्न नदीकाठी आणखी बिकट. पाइपचे तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा वर असायला हवे. ओढा गाळाने भरला, झुडपांनी तुंबला, की तोंड बुडते आणि जमिनीतल्या पाण्याला उतार राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला तर पाइपकडून काही अपेक्षाच ठेवू नये. पूर उतरल्यावर मात्र तो लवकर वाफसा आणून देतो, तोही तोंड गाळाने बुजले नसेल तर. जिथे ओढाच उंच आहे तिथे हौद बांधून पंपाने पाणी उपसावे लागते, आणि विजेचे बिल कायमचे मागे लागते.

आपला पाइप कुठे अडला, हे कसे ओळखाल?

यासाठी मोठ्या उपकरणांची गरज नाही. छिद्रे पाडलेले बारीक पाइप जमिनीत उभे करून पाणीपातळी मोजायची. एक दोन लॅटरलच्या बरोबर मध्ये, दुसरा लॅटरलला अगदी चिकटून. तिसरे माप मॅनहोलमधले. मापे पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवस रोज घ्यावीत.

- मधे पातळी उंच, पाइपजवळ खाली: पाइप ठीक आहे, पण दोन पाइपमधले अंतर जास्त झाले किंवा जमीन फार घट्ट आहे.
- पाइपजवळही पातळी उंच, पण पाइपात पाणी कमी: पाणी आत शिरत नाही. कापड किंवा छिद्रे बुजली आहेत, नाहीतर भोवतीची माती लिंपली आहे.
- मॅनहोलमध्येच पाणी लॅटरलच्या तोंडावर चढलेले: कलेक्टर अपुरा आहे, तुंबला आहे किंवा शेवटचे तोंड बुडाले आहे.

दुसऱ्या प्रकारासाठी एक सोपा मापदंड आहे. मधली पातळी पाइपच्या ६० सें.मी. वर आहे आणि पाइपला चिकटून ती १० सें.मी. वर आहे, तर एकूण दाबाचा सहावा हिस्साच दारात खर्च होतो. पाचव्या हिश्श्यापर्यंत काम चांगले मानतात. तेच माप ३५ सें.मी. आले, तर निम्म्याहून जास्त दाब दारातच गेला. पाइप आहे, पण निचरा नाही, असे समजावे.

बादली आणि मोबाइलचे घड्याळही पुरते. वर दिलेल्या सव्वादोन एकरांच्या लॅटरलने ठरल्याप्रमाणे पाणी दिले, तर १५ लिटरची बादली सव्वा मिनिटाच्या आसपास भरते. पाणी दिल्यानंतर पहिल्या दिवशी ती याहून लवकर भरावी, पुढे हळूहळू वेळ वाढत जावा. दर हंगामात हा आकडा वहीत लिहिला तर पाइप कधी बुजायला लागला ते ऊस पिवळा पडायच्या आधी कळते. वेळीच कळले तर दाबाच्या पाण्याने लॅटरल धुता येतो. त्यासाठी मॅनहोल मातीखाली गाडलेले नसावेत.

हा प्रश्न जुना, आणि फक्त इथला नाही

पाट आला की काही वर्षांत पाणी वर येते, हे दख्खनला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामतीच्या बागायतीत जमिनी पाणथळ होऊ लागल्या. या प्रश्नांसाठी पुण्यात १९१६ मध्ये विशेष सिंचन विभाग स्थापन झाला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात तिथली. सी. सी. इंग्लिस यांचे निचऱ्यावरचे काम याच विभागातले.

काळ्या जमिनीतला असाच अनुभव तुंगभद्रा लाभक्षेत्रात गंगावतीला, दक्षिण गुजरातच्या उकाई-काकरापार भागात आणि चंबळच्या खोऱ्यात कोट्याजवळ घेतला गेला. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था देशभर या कामाला मार्गदर्शन करते. जागा बदलली की माती, अंतर आणि खोली बदलते. पाणी शिरले पाहिजे, वाहिले पाहिजे आणि बाहेर पडले पाहिजे, हे तीन नियम बदलत नाहीत.

बाहेर पडलेलं पाणी जातं कुठं?

निचऱ्याचे पाणी खारट असते. त्याची क्षारता ५ असेल, तर लिटरमागे सुमारे ३ ग्रॅम मीठ. एका एकरातून दिवसाला ८,१०० लिटर म्हणजे जवळपास २५ किलो मीठ बाहेर जाते. जमीन सुधारते ती यामुळेच. पण ते मीठ ओढ्यातून नदीला मिळते. खालच्या गावाची जॅकवेल उन्हाळ्यात त्याच पाण्यावर चालते, मग ते गाव महाराष्ट्रातले असो वा कर्नाटकातले. पावसाळ्यात नदी भरून वाहताना पाइप मोकळा सोडणे आणि उन्हाळ्यात गरजेपुरताच उघडणे, यासाठी मॅनहोलमध्ये झडप बसवता येते. त्याने खतही कमी वाहून जाते आणि जमिनीत ओल टिकते.

आणि पाइप आहे म्हणून पाटाने रान भरायची सवय तशीच ठेवली, तर हिशेब कधीच जुळणार नाही. पाइप दिवसाला २ मि.मी. काढतो. एका मोकळ्या पाटपाण्यात त्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीत जाते. जमा आणि खर्च दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय पातळी उतरत नाही.

ठेकेदाराला विचारायचे सात प्रश्न

१. माझ्या मातीची पाणी सोडण्याची गती मोजली का, आणि अंतर त्यावरून काढलं का?
२. पाइपचा आतला व्यास किती, मानक कोणतं?
३. फिल्टरचं कापड मातीच्या अहवालावरून निवडलं का?
४. ढाळ किती, आणि तो कशाने तपासणार?
५. कलेक्टर किती एकरांसाठी आहे, आत्ता किती जोडले आहेत?
६. तोंड कुठे काढणार, आणि पावसाळ्यात तिथे ओढ्याची पातळी किती असते?
७. काम झाल्यावर पाइप नेमका कुठून गेला याचा नकाशा मिळेल का?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. दहा वर्षांनी पाइप धुवायचा ठरला आणि नकाशा नसला, तर आधी अख्खं रान खणावं लागतं.